एसी बंद कर, घाट आला

मोबाइल बंद करून खिशात ठेवा. इथे तो कुणी पाहिला तर समजावून सांगण्यातच सकाळ जाईल. आज २३ मे १९९९, रविवार. पुणे, एरंडवणे, सकाळचे साडेसात. कर्वे रस्त्याच्या मागच्या एका गल्लीत तुम्ही उभे आहात. पहिल्यांदा नाकात शिरतो तो टू-स्ट्रोकचा धूर. लुना, चेतक, कायनेटिक होंडा, सगळ्या ऑइल मिसळलेलं पेट्रोल जाळत निघाल्यात. चारचाकी मोजक्या, आणि त्यांतल्याही बहुतेक मारुती. पवारांना काँग्रेसनं काढून तीन दिवस झालेत, त्यावर चहाच्या टपरीवर अजून खल चालू आहे. कारगिलमधल्या घुसखोरांची बातमी रोज थोडी मोठी होतेय. वडील गेले म्हणून मुंबईला आलेला सचिन परत इंग्लंडला पोहोचलाय आणि दुपारी ब्रिस्टलला केनियाशी मॅच आहे.

तो आज १४० करणार आणि नाबाद राहणार, हे तुम्हाला ठाऊक आहे. पैज लावायचा मोह होईल. आवरा.

गल्लीच्या टोकाला गॅरेज. आज कामाला सुट्टी, पण शटर अर्धं वर आहे. आठवडाभर इथे गाड्या दुरुस्त होतात आणि रविवारी त्यांच्यावरून भांडणं होतात. बाहेर एक पांढरी झेन, एक चंदेरी सँट्रो आणि एक कोरी करकरीत इंडिका, जिच्या मागच्या सीटवरचं प्लॅस्टिकही अजून काढलेलं नाही. भिंतीला टेकून गॅरेजवाल्या उस्तादांची स्वतःची प्रीमियर पद्मिनी, स्टिअरिंगच्या दांडीवर गिअर असलेली. तिच्यावर आज कुणी बोलणार नाही, तिचं वय झालंय.

"या पाहुणे," उस्ताद स्टूल पुढे सरकवतात. तुम्ही मुंबईचे, कुणाचे तरी भाचे, गाडी घ्यायचीय, तीन-साडेतीन लाखांची तयारी आहे, एवढंच सांगा. पुण्यात सल्ला मागावा लागत नाही, गरज आहे एवढं नुसतं कळावं लागतं.

सगळ्यात आधी काका बोलतात. टेल्कोत पिंपरीला आयुष्य गेलं, फोरमन म्हणून निवृत्त झाले. १९८९ चा संप आणि शनिवारवाड्यावरचं उपोषण त्यांनी पाहिलंय. कुठल्या बाजूनं, ते कुणी विचारत नाही. इंडिका त्यांच्या मुलाच्या नावावर आहे आणि किल्ली त्यांच्या खिशात.

"हे बघा, गाडी बाहेरून झेनएवढी, आतून अँबॅसेडरएवढी, किंमत मारुतीच्या जवळपास आणि चालवायची डिझेलवर. रतन टाटांनी एवढंच सांगितलं होतं. आमच्या पोरांनी करून दाखवलं."

"काका, 'जवळपास' म्हणजे किती?" झेनवाला विचारतो. तिशीच्या आतला सीए आहे, त्याची झेन १९९५ ची. "८०० दोन लाखांच्या आसपास मिळते. तुमची साधी पेट्रोल २ लाख ६० हजारांपासून सुरू होते. डिझेल, एसी, पॉवर विंडो म्हणता म्हणता चार लाखांचं दार दिसायला लागतं. हिला मारुतीच्या जवळपास म्हणायचं तर हडपसरही डेक्कनच्या जवळपासच!"

"तुझ्या मारुतीनं किमती का उतरवल्या रे मग, इंडिका यायच्या तोंडावर? इतकी वर्षं का नाही सुचलं?"

यावर सीएकडे उत्तर नसतं आणि काकांना तेवढंच हवं असतं. गेल्या ३० डिसेंबरला गाडी बाजारात आली आणि आठवडाभरात १ लाख १५ हजार लोकांनी पूर्ण पैसे भरून नाव नोंदवलं, हा आकडा ते तुम्हाला सकाळभरात तीनदा ऐकवतील. पहिल्यांदा ऐकताना भुवया उंचवा, म्हातारा खूश होईल. कौतुक खोटंही नाही. बाजारात दहातल्या सात-आठ गाड्या एकाच कंपनीच्या असताना, ट्रक बनवणाऱ्या कारखान्यानं घातलेल्या हाकेला लोकांनी अशी ओ दिली होती. त्याआधी उनोच्या वेळी लाखांवर बुकिंग झालं आणि गाड्या निघाल्या तुटपुंज्या. प्यूजो आली, कल्याणला ३०९ बनवली आणि गेलीही. हे सगळं पाहूनही लोकांनी आगाऊ पैसे भरले.

"कोरियन तरी राहतील का?" काका सँट्रोकडे हनुवटी उडवतात.

सँट्रो डॉक्टरताईंची. त्या आतापर्यंत चहा पीत होत्या. "काका, मद्रासजवळ श्रीपेरुंबुदूरला एवढा मोठा कारखाना घातलाय, तो उचलून परत नेणार आहेत का? आणि माझं एक ऐका. आधी साडी नेसून झेनमध्ये चढा-उतरा, मग गाड्यांवर बोला."

हशा होतो. पण इथे लक्ष द्या, हा आजच्या सकाळचा सगळ्यात खोल इंजिनिअरिंगचा मुद्दा आहे. बाकीचे घोड्यांची ताकद मोजतायत. ताई सीट जमिनीपासून किती उंचावर आहे ते सांगतायत. झेनमध्ये माणूस खाली बसतो, जवळजवळ पाय पसरून. सँट्रोचं छप्पर उंच ठेवल्यामुळे सीटही उंच आली. खुर्चीवर बसावं तसं बसायचं आणि उठताना गुडघ्यांवर भार नाही. ताईंच्या आईला संधिवात आहे. गेल्या सप्टेंबरात गाडी आली तेव्हा तिच्या उभट आकाराला सगळ्यांनी नावं ठेवली, शाहरुख खानलाच विकायला लावली म्हणून हसले. ताईंनी आईला शोरूममध्ये नेलं, तिला दोनदा बसायला आणि उठायला लावलं आणि चेक फाडला.

"शिवाय एमपीएफआय आहे," त्या सीएकडे वळतात. "तू अजून थंडीत चोक ओढतोस."

उस्ताद उठून तिन्ही बॉनेट उघडतात. जवळ जा. सँट्रोखाली ९९९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, दर सिलिंडरला तीन व्हॉल्व्ह, ५५ हॉर्सपॉवर. पेट्रोल किती फवारायचं ते कॉम्प्युटर ठरवतो. झेनखाली ९९३ सीसी, ब्लॉकसकट ॲल्युमिनियमचं, ५० हॉर्सपॉवर. गाडीचं वजन साडेसातशे किलोच्या आसपास, त्यामुळे ५० घोड्यांना ओढायला फारसं काही नसतं. इंडिकाखाली १४०५ सीसीचं डिझेल, ५३ हॉर्सपॉवर, टर्बो नाही, आणि गाडी जवळजवळ हजार किलोची.

"आकडे सारखे दिसतात ना?" उस्ताद हात पुसत म्हणतात. "पण हिच्यात डिझेल सरळ सिलिंडरमधे नाही जात. बाजूला छोटी कोठी आहे, आधी तिच्यात पेटतं, मग पिस्टनवर येतं. त्यानं ठोका मऊ होतो, पण थोडी गरमी त्या कोठीच्या भिंतीतच जाते. ती गरमी म्हणजे तुमचं डिझेलच की. सरळ सिलिंडरमधे मारलं तर ॲव्हरेज वाढेल, पण आवाजानं दात वाजतील."

"आताही वाजतातच," सीए म्हणतो. "काकांनी किल्ली फिरवली की आमच्या सोसायटीचा वॉचमन टेम्पो आला म्हणून गेट उघडतो."

काका रागावत नाहीत, उलट उत्साहानं पुढे सरकतात. गाडीच्या अंगाचा आराखडा इटलीत तुरिनच्या आय.डी.ई.ए. संस्थेशी मिळून केला. इंजिनाला फ्रान्सच्या ल मोतर मॉडर्नची मदत झाली. आणि पत्र्याची, जोडणीची यंत्रं? "ऑस्ट्रेलियात निस्साननं कारखाना बंद केला होता. आपल्या लोकांनी तो सुटा करून बोटीनं पुण्याला आणला आणि चिंचवडला परत उभा केला. नवा घेतला असता तर पाचपट पैसे गेले असते. सगळा प्रकल्प सतराशे कोटींत बसवला. परदेशात एवढ्यात कुणी गाडीचा आरसाही नवा काढत नाहीत."

आरशाचं सोडून द्या, काका रंगात आलेत. कारखान्याची गोष्ट मात्र खरी आहे आणि या गाडीच्या किमतीमागचं अर्धं गणित तिच्यात आहे. काका ती अशी सांगतात की पाना हातात धरून मेलबर्नला तेच गेले होते असं वाटावं.

आता उठायचं. रविवारचा वाद गॅरेजमध्ये मिटत नाही, तो मिटवायला कात्रज आहे.

स्वारगेटमार्गे सातारा रस्ता. तुम्ही इंडिकात पुढे, काकांच्या शेजारी. मागे उस्ताद, त्यांचा पोऱ्या आणि अण्णा. अण्णांची ओळख राहिली. ट्रॅव्हल्सचा धंदा, दोन डिझेल अँबॅसेडर आणि एक सुमो. सकाळपासून ते एक वाक्यही बोललेले नाहीत. गाडीत बसल्यावर त्यांनी आधी गुडघा आणि पुढच्या सीटची पाठ यांमध्ये मूठ घालून पाहिली. मग डोकं मागे टेकवलं. मग उस्तादांना म्हणाले, "जरा नीट पसरून बसा." उस्ताद पसरले, तरी पोऱ्या खिडकीला चिकटला नाही. अण्णांनी मान हलवली.

कात्रज डेअरी मागे पडते. पुढे झेन चाललीय. चढ सुरू होताच तिच्या चारही काचा एकदम खाली येतात. तिच्यात चौघं आहेत. आत काय बोलणं झालं ते तुम्हाला ऐकू आलं नाही तरी माहीत आहे: "एसी बंद कर, घाट आला." कॉम्प्रेसर फिरवायला चार-पाच घोडे जातात, आणि ५० घोड्यांच्या गाडीत घाटावर ते परवडत नाहीत. या देशातल्या छोट्या गाडीवाल्यांची एक पिढी घाटात घाम पुसत मोठी झालीय.

काका एसीच्या बटणाला हात लावत नाहीत. तुमच्या तोंडावर गार वारा चालू आहे. ते मुद्दाम तुमच्याकडे बघत नाहीत, बघितलं तर हसू फुटेल.

मग पुढे एसटी येते. लाल डबा दुसऱ्या गिअरमध्ये कण्हत चाललाय आणि वळणावर ओव्हरटेक करता येत नाही. इंडिकाचा वेग उतरतो, इंजिनाचे फेरे उतरतात, आणि टर्बो नसलेलं डिझेल एका मर्यादेखाली गेलं की ढिम्म होतं. काका पहिला गिअर शोधतात. दांडी जात नाही. पुन्हा क्लच, पुन्हा दांडी, मग खट्. तेवढ्यात झेन एसटीच्या बाजूनं सुळकन निसटलीय. स्टिअरिंग जड आहे, वळणावर काकांच्या दंडाची शीर दिसते. मागच्या सीटवरून उस्ताद शांतपणे म्हणतात, "केबल ॲडजेस्ट करायला लागेल." काका म्हणतात, "नवी आहे, बसेल." दोघांनाही खरं काय ते माहीत आहे.

बोगदा ओलांडून साताऱ्याच्या बाजूला थांबा. उसाचा रस आला की लगेच गाड्या बदला. उतरताना झेन चालवा, परत चढताना सँट्रो. वळणावर झेनचं तोंड तुमच्या मनात येईल तिकडे वळतं. इंजिन जितकं फिरवाल तितकं ते खूश. एकटा माणूस, मोकळा रस्ता आणि वय तिशीच्या आत असेल तर वाद संपला. सँट्रोत असा थरार नाही, पण चुकीचा गिअर टाकलात तरी ती तक्रार न करता ओढते. उतरल्यावर मनगट दुखत नाही. माझं मत विचाराल तर त्या दिवशी विकत मिळणाऱ्या या तिघींत सगळ्यात पूर्ण झालेली गाडी सँट्रो होती. मोठ्या स्वप्नाची गाडी होती इंडिका, आणि ते स्वप्न कारखान्यातून थोडं लवकर बाहेर पडलं होतं.

रसाचा दुसरा ग्लास आल्यावर अण्णा पहिल्यांदा तोंड उघडतात.

"डिझेल पेट्रोलच्या निम्म्याहून स्वस्त आहे. बरोबर?"

बरोबर.

"सीएसाहेब, तुम्ही महिन्याला किती फिरता? सहाशे किलोमीटर? मग डिझेलचे जादा भरलेले पैसे सुटायला तुमचा पोरगा कॉलेजात जाईल. माझी गाडी दिवसाला तीनशे फिरते. माझे वर्षात सुटतात. आवाज माझ्या ड्रायव्हरला ऐकू येतो, गिऱ्हाईकाला एसी लागतो. तुम्ही पिकअप बघता, ताई सीट बघतात, काका अभिमान बघतात. मी किलोमीटरला किती पैसे पडले ते बघतो."

"आणि कोर्टाचं काय?" सीए डिवचतो. गेल्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं दिल्ली परिसरात नव्या गाड्यांना युरो नियम लावले आणि डिझेलवर विशेष नजर ठेवली. "उद्या पुण्यात आलं तर?"

"उद्याचं उद्या. हप्ता आज सुरू होतो."

इथे तुमच्या जिभेवर सगळं येईल. टेल्को २०००-०१ सालात पाचशे कोटींचा तोटा दाखवणार आहे. इंडिकाच्या तक्रारी इतक्या होतील की गाडी जवळजवळ नव्यानं घडवावी लागेल, २००१ मध्ये ती व्ही-टू म्हणून येईल आणि धडाक्यानं खपेल. उस्तादांचा पुतण्या ज्या मॅटिझच्या पोस्टरवर फिदा आहे ती बनवणारी देवू वर्षा-दोन वर्षांत कोसळेल. ज्यांच्या टिकण्याबद्दल काकांना शंका होती ते कोरियन सँट्रो २०१४ पर्यंत विकतील. मारुती ८०० सुद्धा २०१४ मध्येच थांबेल. टेल्कोचं नाव टाटा मोटर्स होईल आणि २००८ मध्ये ती जग्वार आणि लँड रोव्हर विकत घेईल. यातलं एकही वाक्य इथे बोललात तर तुम्हाला रस पाजणारे लोक आधी तुमच्या ग्लासात काय पडलंय ते बघतील.

न राहवून तुम्ही त्यातलं सगळ्यात सौम्य ते बोलताच. "दोन वर्षं थांबलं तर? इंडिकाचं सुधारलेलं मॉडेल येईल."

"थांबून थांबून फियाटच्या रांगेत आमच्या वडिलांचे केस पांढरे झाले," सीए म्हणतो.

ताई म्हणतात, "आईचे गुडघे दोन वर्षं थांबतील का?"

अण्णा नुसते हसतात. लग्नसराई चालू आहे.

पंचवीस वर्षं पुढचं माहीत असूनही तुमच्याकडे या तिघांसाठी काही नाही. व्ही-टू चांगली निघाली म्हणून आजची इंडिका चांगली होत नाही, आणि देवू बुडणार म्हणून आजची मॅटिझ वाईट ठरत नाही. पैसे आजचे, घाट आजचा, एसीही आजच लागतो. इतिहास लिहिणारे पुढे विजेते ठरवतील तेव्हा त्यांच्या हाती खपाचे आकडे असतील. ताईंच्या आईनं शोरूममध्ये काय केलं ते त्यात नसेल.

फक्त काका हसत नाहीत. ते तुमच्याकडे रोखून बघतायत. "कुणी सांगितलं तुम्हाला सुधारलेलं येतंय म्हणून?"

"अंदाज."

काका खिशातून छोटी वही काढतात. आत पेन्सिलनं ओळीनं लिहिलंय: पुढचे टायर आतून झिजतायत. सकाळी बेल्ट ओरडतो. पहिला गिअर. मागच्या दाराची खडखड, खराब रस्ता. प्रत्येकापुढे तारीख आणि किलोमीटर. सकाळभर गाडीवर एक शब्द ऐकून न घेणाऱ्या माणसानं सगळ्यात लांब यादी करून ठेवलीय. "पुतण्या आत आहे, असेंब्लीला," ते हळूच सांगतात. "दर सोमवारी पान फाडून देतो. वर जातं की नाही माहीत नाही. पण देतो."

तुम्ही ती वही सीएच्या हाती पडू देऊ नका. काकांनी ती तुम्हाला दाखवली आहे, त्याला नाही.

परतीला सगळे घाई करतात. तीन-सव्वातीनला मॅच सुरू होईल, टीव्ही ताईंकडे मोठा आहे, आणि सचिन आज खेळेल का, खेळला तर कसा, यावर गाड्यांपेक्षा जास्त भांडण पेटलंय. उस्ताद म्हणतात नको होता पाठवायला. सीए म्हणतो, पन्नास करेल. तुम्ही ओठ घट्ट मिटून सँट्रोच्या काचेबाहेर बघता.

गॅरेजपाशी गाड्या लागतात. अण्णा उतरून इंडिकाचं मागचं दार उघडतात आणि डिकीत आपली बॅग आडवी घालतात, मग उभी. मग आणखी एक मागतात आणि ती शेजारी घालतात. दार बंद होतं.

"काका, तुमच्या डीलरला विचाराल का जरा?"

"काय?"

"डिझेल, एसी. तीन घ्यायच्यात. पैसे आगाऊ देतो, वर ऑन मागितलं तर देणार नाही. आणि तिन्ही पांढऱ्याच हव्यात."

"पांढऱ्याच का?" ताई विचारतात. "लाल छान दिसेल."

"ताई, लाल गाडीनं एकच माणूस खूश होतो," अण्णा बॅगा बाहेर काढत म्हणतात. "घेणारा."